विश्लेषण : ‘सीआयडी’तली कबुली कोर्टात का चालत नाही?

‘कॅशलेस गाव’ म्हणून २०१६मध्ये गाजलेल्या मुरबाड तालुक्यातील धसईपासून मुंबईपर्यंत ‘सीआयडी’ मालिकेचे चाहते आहेत. १९९८मध्ये सुरू झालेल्या या मालिकेचा कोणता भाग सरस, हा वाद जुनाच. एसीपी प्रद्युम्न (शिवाजी साटम) दरडावतात किंवा दया कानाखाली वाजवतो आणि आरोपी कबुली देतो, असे भाग अनेकांचे आवडते.

कायदा काय सांगतो?
पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. १८७२च्या पुरावा कायद्यातील कलम २५ची ही तरतूद १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३मध्ये आहे.

असे का?
मारहाणीच्या भीतीने निर्दोष माणूसही ‘हो, मीच केलं’ म्हणू शकतो.

मग काय चालते?
दंडाधिकाऱ्यांसमोर स्वेच्छेने दिलेला कबुलीजबाब. शिवाय कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून हत्यार सापडले, तर त्या शोधाशी संबंधित तेवढीच माहिती ग्राह्य धरता येते.

म्हणजे सरस भाग कोणते?
थपडेने संपणाऱ्या भागांपेक्षा डॉ. साळुंखेंच्या प्रयोगशाळेत उलगडणारे भाग कायद्याच्या अधिक जवळचे. कारण थप्पड मारून मिळवलेली कबुली कोर्टात टिकत नाही. रक्ताचे नमुने आणि बोटांचे ठसे मात्र तपासून पाहता येतात.