मतपत्रिकेवरचा दुसरा आकडा

लेखमाला : गुलालाविना निवडणुका – भाग ७

गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीच्या न्यायालयात काळा कोट घालून उभ्या राहणाऱ्या वकिलाला दोन निवडणुकांत मत असते. पहिली त्याच्या स्थानिक वकील संघाची. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव अशी मोजकी पदे, सगळे उमेदवार रोजच्या उठण्याबसण्यातले, आणि कोण निवडून आले हे संध्याकाळच्या चहाआधी ठाऊक. दुसरी निवडणूक बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची. तिचे कार्यालय मुंबईत, प्राणहितेच्या काठापासून हजारेक किलोमीटर दूर. मतपत्रिकेवर शंभराहून जास्त नावे, निवडून द्यायचे पंचवीस जण, आणि मोजणी चालते ती आठवडेच्या आठवडे.

गेल्या भागात आपण स्थानिक संघांच्या निवडणुका पाहिल्या. एका वकिलाने एकाहून जास्त संघांत नाव ठेवून सगळीकडे मतदान करावे का, या वादावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बी. डी. कौशिक प्रकरणात ‘एक बार, एक मत’ या तत्त्वाला मान्यता दिली, तिथे आपण थांबलो होतो. वकील संघ ही सदस्यांनी स्वतःहून बांधलेली संघटना. बार कौन्सिलचे तसे नाही. ती १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने जन्माला घातलेली वैधानिक संस्था आहे, आणि तिच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय कोणाला वकिली करताच येत नाही.

या संस्थेच्या हातात बरेच काही असते. नव्या वकिलाला सनद देणे, वकिलाविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार आली तर ती शिस्त समितीकडे सोपवणे, वकिलांच्या हक्कांचे रक्षण करणे, ही सगळी तिची कामे. शिस्त समिती तिघांची असते. दोघे कौन्सिलचे सदस्य, तिसरा बाहेरून घेतलेला वकील. ही समिती सनद निलंबित करू शकते, कायमची काढूनही घेऊ शकते. दिल्लीच्या बार कौन्सिल ऑफ इंडियावरही प्रत्येक राज्य कौन्सिल आपला एक सदस्य पाठवते. म्हणजे अहेरी, सिरोंचा किंवा एटापल्लीच्या पक्षकाराने आपल्या वकिलाबद्दल तक्रार केली, तर तिचे काय होणार हे याच निवडणुकीतून आलेली माणसे ठरवतात.

मतदार कोण? राज्याच्या मतदारयादीत नाव असलेला वकील. सनद निलंबित असेल किंवा वकिली सोडून पूर्णवेळ नोकरी धरली असेल, तर नाव यादीत राहत नाही. पण यादीतून नाव गाळण्याचा अधिकार किती ताणायचा, यावरही एकदा मोठा खटला झाला. दिल्लीच्या बार कौन्सिलने ठराविक नमुन्यातले घोषणापत्र न देणाऱ्यांची नावे यादीबाहेर ठेवली होती. १९८० मध्ये सुरजित सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा नियमच अवैध ठरवला. मतदाराची पात्रता ठरवण्याचा अधिकार कायद्याने बार कौन्सिल ऑफ इंडियाला दिला आहे, राज्य कौन्सिलला नाही, हे त्यामागचे कारण. यादीच चुकीची ठरल्यावर त्या यादीवर झालेली निवडणूकही रद्द झाली.

आता मुख्य अडचण. या निवडणुकीत मतदारसंघच नाहीत. महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव मिळून एकच यादी आणि एकच मतपत्रिका. विदर्भासाठी राखीव जागा नाही, गडचिरोली जिल्ह्यासाठी तर नाहीच. मुंबई, पुणे, नागपूर इथे वकिलांची संख्या हजारोंत. अहेरीची बार रूम एका बैठकीत मावते. मग इथल्या मताला किंमत किती, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर मत मोजण्याच्या पद्धतीत आहे.

कायद्याने ठरवलेली पद्धत आहे एकल संक्रमणीय मताची. मतदाराचे मत एकच, पण ते एका उमेदवाराकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. मतदार नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. जिंकायला सर्वाधिक मते लागत नाहीत, एक ठरावीक कोटा लागतो. वैध मतांना जागांपेक्षा एकने जास्त संख्येने भागायचे आणि उत्तरात एक मिळवायचा. समजा २६,००० वैध मते पडली. जागा २५, म्हणून २६ ने भागायचे. येतात १,०००, आणि एक मिळवून कोटा झाला १,००१. इतकी मते पंचवीसच जणांना मिळू शकतात, सव्विसाव्याला पुरत नाहीत. म्हणून हा आकडा.

समजा एखाद्या उमेदवाराला पहिल्या पसंतीची १,५०१ मते पडली. तो निवडून आला, आणि वरची ५०० मते त्याच्या उपयोगाची उरली नाहीत. पायली भरली की शिगेवरचे धान दुसऱ्या मापात जाते, तशी ही जास्तीची मते त्या मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंतीकडे जातात. कोणत्या ५०० मतपत्रिका उचलायच्या असा वाद नको, म्हणून सगळ्याच १,५०१ पत्रिका पुढे जाऊ शकतात, पण प्रत्येकीचे मूल्य साधारण एक तृतीयांश धरून. दुसऱ्या टोकाला ज्याला सर्वांत कमी मते आहेत तो बाद होतो, आणि त्याच्या पत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात, पूर्ण मूल्याने. असे करत करत पंचवीस जागा भरतात. आयर्लंड आणि माल्टा या देशांची संसदही याच पद्धतीने निवडली जाते.

दुसरा आकडा किती जोरदार असतो हे महाराष्ट्राने १० जून २०२२ ला पाहिले. राज्यसभेच्या सहा जागांसाठी सात उमेदवार होते. सहाव्या जागेच्या लढतीत शिवसेनेचे संजय पवार यांना पहिल्या पसंतीची ३३ मते, भाजपचे धनंजय महाडिक यांना २७. तरी जिंकले महाडिक. पियूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मते होती. कोट्यावरची त्यांची मते दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे वळली. आमदारांनी दुसरा आकडा शिस्तीत लिहिला होता, एवढाच काय तो चमत्कार.

अहेरीतल्या शिक्षकांना हा आकड्यांचा खेळ नवा नाही. विधान परिषदेच्या नागपूर विभाग शिक्षक मतदारसंघात गडचिरोली जिल्हाही येतो. तिथेही १, २, ३ असेच लिहावे लागते. ३० जानेवारी २०२३ च्या निवडणुकीत विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे, चंद्रपूरचे सुधाकर अडबाले तिथून निवडून आले. फरक एवढाच की तिथे जागा एक, म्हणून कोटा निम्म्यापेक्षा जास्त मतांचा. बार कौन्सिलमध्ये जागा पंचवीस, म्हणून कोटा मतांच्या सव्विसाव्या हिश्शाएवढा. शंभर मतांत चारही नाहीत! छोट्या गावांच्या बारला संधी आहे ती इथे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया इथल्या वकिलांनी पहिली पसंती वेगवेगळ्या माणसांना दिली, पण पुढच्या पसंतीत एकमेकांच्या उमेदवारांना घेतले, तर बाद झालेल्यांची मते पूर्वेकडेच फिरत राहतात आणि शेवटच्या फेऱ्यांत कोणाला तरी कोट्यापर्यंत नेतात.

पण घडते भलतेच. प्रचाराला आलेला उमेदवार म्हणतो, ‘वकीलसाहेब, मला एक नंबर द्या आणि बाकी कोरे सोडा.’ दुसरी पसंती लिहिली तर पहिल्याचे नुकसान होते, असा समज त्यामागे असतो. तो चुकीचा आहे. पहिल्या पसंतीचा माणूस निवडून येईपर्यंत किंवा बाद होईपर्यंत त्या पत्रिकेवरच्या दुसऱ्या आकड्याकडे कोणी पाहतही नाही. उलट फक्त ‘१’ लिहिला आणि तो उमेदवार तिसऱ्या फेरीत गळला, तर ती पत्रिका तिथेच संपते. पुढच्या फेऱ्यांत त्या मतदाराला आवाज उरत नाही.

पत्रिका मुळातच बाद होण्याची कारणे साधी आहेत. ‘१’ कोणापुढेच न लिहिणे, तो दोघांपुढे लिहिणे, किंवा मतदार ओळखू येईल अशी खूण करणे. आकडे लिहिताना घाई नको ती यासाठी.

निकालावर आणखी दोन गोष्टींचा प्रभाव पडतो. निवडून येणाऱ्यांपैकी शक्यतो निम्मे सदस्य किमान दहा वर्षे नोंदवहीत असलेले वकील हवेत, ही अट कायद्यातच आहे. दुसरी गोष्ट महिलांची. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य बार कौन्सिलांत ३० टक्के जागा महिलांना देण्याचे निर्देश दिले. त्यातल्या २० टक्के निवडणुकीतून, १० टक्के स्वीकृत सदस्यत्वातून. खर्चाची बाजू मात्र उलट्या दिशेने गेली. २०२५ मध्ये आखलेल्या निवडणुकांसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाने उमेदवारी शुल्क सव्वा लाख रुपये ठरवले. वनहक्काचे दावे आणि जामिनाच्या अर्जांवर प्रॅक्टिस चालवणाऱ्या तालुक्याच्या वकिलाला ही रक्कम जड आहे, आणि ती कमी व्हायला हवी.

मुदतीचेही तेच. कौन्सिलची मुदत पाच वर्षांची. महाराष्ट्र-गोव्यात मतदान झाले २८ मार्च २०१८ ला. पुढचे २०२३ मध्ये व्हायला हवे होते, पण वकिलांच्या पडताळणीचे कारण सांगत देशभरच्या कौन्सिलांच्या निवडणुका लांबल्या. शेवटी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यांचे टप्पे आखून द्यावे लागले. दुसऱ्यांच्या तारखा मागणाऱ्या व्यवसायाला स्वतःच्या निवडणुकीची तारीख न्यायालयाकडून घ्यावी लागली, हे काही भूषणावह नाही.

अहेरीच्या वकील मतदारांनी तीन कामे करावीत. मतदारयादीत आपले नाव आणि मतदान केंद्र आधी तपासावे. मतदानाच्या आधी बार रूममध्ये बसून पूर्व विदर्भातल्या उमेदवारांची यादी करावी. आणि मतपत्रिका हातात आली की ‘१’ वर थांबू नये, पटणारी नावे संपेपर्यंत आकडे लिहीत जावे.

(पुढील भागात : डॉक्टरांची परिषद, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल)