डॉल्फिन दिसले नाहीत? तेही लिहून ठेवा

तारकर्ली-देवबागला सुट्टीत गेलेल्या बऱ्याच जणांनी डॉल्फिन बघायला बोट केलेली असते. सकाळी कर्ली नदीच्या मुखातून बोट समुद्रात जाते, पाठीवर उंचवटा असलेले हंपबॅक डॉल्फिन दिसतात, फोटो निघतात. मग कुणीतरी विचारतं, "अशा सगळ्या ट्रिपांच्या नोंदी नकाशावर टाकल्या, तर डॉल्फिन कुठे जास्त असतात ते कळेल ना?"

प्रश्न चांगला आहे. पण त्या नकाशात डॉल्फिनइतकंच बोटींचं वागणंही उमटतं. बोटवाले काका जिथे डॉल्फिन दिसायची खात्री असते तिथेच बोट नेतात. बाकीचा समुद्र कुणी बघितलेलाच नसतो.

समजा, मुखाजवळ 40 तास फिरून 20 वेळा डॉल्फिन दिसले आणि दक्षिणेला 4 तासांत 3 वेळा. नकाशावर गर्दी मुखाजवळ दिसणार. आता तासांनी भागून बघा: मुखाजवळ तासाला 0.5, दक्षिणेला 0.75. चित्र उलटलं! अर्थात फक्त 4 तासांवरून दक्षिणेला डॉल्फिन जास्त आहेत असंही म्हणता येत नाही. तिथे अजून फिरायला हवं, एवढंच कळलं. या 'किती शोधलं' याला संशोधनात एफर्ट म्हणतात. रिकाम्या हाताने परतलेली ट्रिप नोंदवली नाही, तर भागायला आकडाच उरत नाही.

दुसरी गोष्ट, असणं आणि दिसणं यातला फरक. कोकणात सकाळी पाणी बहुधा शांत असतं. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की लाटांवर पांढरा फेस येतो आणि त्यात डॉल्फिनचा पंख ओळखणं अवघड होतं. म्हणून 'सकाळी जास्त दिसले' याचा अर्थ 'सकाळी जास्त होते' असा लगेच काढू नका.

तिसरी गोष्ट म्हणजे बोट स्वतः. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून वेगाने. तुम्हाला डॉल्फिन दिसण्याआधीच त्याला तुमचं इंजिन ऐकू आलेलं असू शकतं. बोटीमुळे वागणं बदलतं का, हाच तुमचा प्रश्न असेल तर बोटीवरून बघून भागणार नाही. निवतीच्या किल्ल्यासारख्या उंच जागेवरून, बोटी असताना आणि नसताना, दोन्ही वेळा बघावं लागेल.

एवढा काटेकोरपणा कशाला? कारण आययूसीएनच्या यादीत ही प्रजाती 'धोक्यात' या वर्गात आहे, आणि ती राहते किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, म्हणजे आपल्या बोटी फिरतात त्याच पट्ट्यात. चुकीच्या नकाशावरून 'इथे भरपूर आहेत, काळजी नको' असा निष्कर्ष निघाला, तर किंमत डॉल्फिन मोजणार.

तेव्हा बोटीत बसताना एवढं टिपून घ्या:

1. निघाल्याची आणि परतल्याची वेळ; फोनवर जीपीएस ट्रॅक चालू.
2. बघणारे किती जण.
3. दर 15 मिनिटांनी समुद्राची स्थिती आणि नजरेत असलेल्या बोटी.
4. डॉल्फिन कधी, कुठे, किती. नसतील तर स्पष्ट शून्य.
5. बोटवाल्या काकांनी सांगितलेलं वेगळ्या रकान्यात. त्यांचा अनुभव मोलाचा आहे, पण ते तुमचं निरीक्षण नाही.

रकाने मात्र घरूनच आखून न्या. हलत्या बोटीत वहीवर सरळ रेघ येत नाही!