फरशी कोरडी, तरी गळती
डेअरीतल्या पाश्चरायझरच्या प्लेटा जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीच्या असतात. एका बाजूला कच्चं दूध, दुसऱ्या बाजूला ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलेलं. गॅस्केट झिजलं तर थेंब बाहेर दिसतात. प्लेटेला चीर गेली तर मात्र दूध आतल्या आत मिसळतं. तिथे बोल्ट आवळणं हा इलाज नव्हे. ठरलेल्या मापापलीकडे आवळल्यास प्लेटाच वाकतात. तापवलेल्या दुधाचा दाब जास्त ठेवतात, मग धोका कुठला, असं कुणी म्हणेल. पण पंप अडखळला की तो दाब टिकेलच असं नाही. म्हणून एक बाजू रिकामी करून दुसरीत दाब भरावा. व्हॉल्व्ह घट्ट आहेत, बाहेर थेंब नाही, तरी दाबमापकाचा काटा उतरतोय, तर चिरेचा संशय धरून प्लेटा उघडाव्यात आणि रंग लावून तपासाव्यात. कोरड्या फरशीवर विसंबून ही चाचणी टाळू नये.