रूमवरचा बिनभाड्याचा पार्टनर

सकाळी उठलात. खिडकीतून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतायत, लेक्चरला उशीर होतोय आणि तुम्ही दंड खाजवत बसलाय. कोपराच्या वर एका रांगेत चार लाल पुटकुळ्या. रूममेट म्हणतो, "डास असतील रे!" त्याच्या अंगावर मात्र एकही डाग नाही. मग डास फक्त तुमच्यावरच खूश का?

दोस्तांनो, जरा गादी उचलून बघा.

नुसता चावा बघून ढेकूणच आहे असं डॉक्टरही छातीठोकपणे सांगू शकत नाहीत. तरी खुणा आहेत. झोपेत उघडे राहिलेले हात, मान, पाय इथे रांगेत किंवा घोळक्याने पुटकुळ्या येतात. चावताना काही कळत नाही. खाज काही तासांनी, कधी तर काही दिवसांनी सुरू होते. काहींना काहीच उठत नाही, म्हणून तुमचा रूममेट निवांत! मात्र बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला रात्री खाज वाढत असेल तर ती खरूज असू शकते. तिचं औषध वेगळं आणि ते रूममधल्या सगळ्यांनी एकाच वेळी घ्यावं लागतं.

खरा पुरावा गादीतच मिळतो. मोबाईलचा टॉर्च लावा. गादीची शिवण, कॉटचे सांधे, प्लायवूडच्या भेगा तपासा. शाई सांडल्यासारखे काळे ठिपके, चादरीवर रक्ताचे डाग, फिक्या रंगाच्या काती, मिलिमीटरभर पांढरी अंडी दिसली की समजा, पार्टनर सापडला. पूर्ण वाढलेला ढेकूण साधारण ५ मिलिमीटरचा, चपटा आणि तांबूस तपकिरी असतो.

आता चाव्याचं काय? जागा साबणाने धुवा, थंड पाण्याची पट्टी ठेवा, कॅलामाइन लोशन लावा. नखं कापा, कारण खाजवून झालेली जखमच पिकते. झोपच येत नसेल तर डॉक्टरांना विचारून सेट्रिझिनसारखी गोळी घ्या. पण मेडिकलमध्ये जाऊन "खाजेची ट्यूब द्या" एवढंच म्हणू नका. अशा कित्येक ट्यूबमध्ये कडक स्टेरॉइड असतं. मुळात नायटा असेल, तर तो वरून दबतो आणि आतून पसरतो. पू झाला, ताप आला तर डॉक्टरांकडे जा. ओठ सुजले, श्वास अडकला तर एक मिनिटही थांबू नका. एक दिलासा: ढेकणाच्या चाव्यातून माणसांत रोग पसरतो, असं आजवर दिसलेलं नाही.

ढेकणापेक्षा जास्त धोका त्याच्यावरच्या 'जालीम' उपायांत आहे. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या रूममध्ये कधीही ठेवू नका. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू बंद खोलीत झोपलेल्यांचा जीव घेतो, तो शेजारच्या खोलीतही शिरू शकतो. रॉकेल-पेट्रोल ओतणं म्हणजे आगीला आमंत्रण. साधे फवारेही अनेकदा फसतात, कारण बऱ्याच ढेकणांना ती औषधं पचायला लागलीत.

ढेकूण हरतो तो उष्णतेपुढे. चादरी, अभ्रे, कपडे कडकडीत गरम पाण्यात, म्हणजे ६० अंशांच्या आसपास, धुवा. लोखंडी कॉटच्या सांध्यांत जपून उकळतं पाणी ओता. कॉट भिंतीपासून सरकवा, भेगा बुजवा. अंडी आठवडा-दोन आठवड्यांत फुटतात, म्हणून हे सगळं पुन्हा करायचं. आणि एकट्याने नाही, सगळ्या रूम्सनी मिळून. ढेकूण महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो, त्यामुळे रूम सुट्टीभर बंद ठेवून तो मरत नाही.

लाज वाटून गप्प बसलात, तर दिवाळीला नाशिकरोडहून गाडी पकडाल तेव्हा हा पार्टनर तुमच्या बॅगेतून थेट आईच्या गादीवर पोचेल. ढेकूण स्वच्छ घरातही येतात, त्यात कमीपणा कसला? आजच रेक्टरना, घरमालकांना सांगा. पेस्ट कंट्रोलवाल्याला एकाच रूमसाठी नाही, अख्ख्या मजल्यासाठी बोलवायला लावा.