विश्वासाची पेढी : एकट्याची की भागीदारीची?

मुंबई-नागपूर लोहमार्गावरून अमरावतीकडे जाणारी शाखा बडनेऱ्याला फुटते. कापूस, तूर आणि संत्रा यांच्या या प्रदेशात आपल्या समाजातील कितीतरी घराण्यांनी आडत, कापड, किराणा आणि सराफी यांत पिढ्यानपिढ्या नाव मिळवले. त्या काळी गावातील माणूस चार पैसे शेठजींच्या पेढीवर ठेवी, मुलीच्या लग्नात ते परत नेई आणि मधल्या काळात निश्चिंत झोपे. पेढीचे खरे भांडवल तिजोरीत नसून या झोपेत होते.

आज त्याच घरांतील मुले-मुली सनदी लेखापाल किंवा व्यवस्थापनाचे पदवीधर होऊन आर्थिक मार्गदर्शनाच्या व्यवसायाकडे वळत आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. घराघरात मग एक प्रश्न येतो : हा व्यवसाय एकट्याने करावा की भागीदारीत? प्रस्तुत लेखकाने बडनेऱ्यात तो दोन्ही प्रकारे केला आहे. म्हणून हे चार शब्द.

एका फेब्रुवारीची गोष्ट

२०२१ च्या फेब्रुवारीत कोरोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात प्रथम जिथे उसळली, त्यांत आपला अमरावती जिल्हा होता. २२ फेब्रुवारीपासून जिल्ह्यात पुन्हा टाळेबंदी लागू झाली. त्याच सुमारास मी रुग्णालयात दाखल झालो आणि साडेतीन आठवडे तिथेच होतो. माझी पेढी तेव्हा एकट्याची होती. कोणाचे पैसे कुठे गुंतवले आहेत, कोणाचा विमा कधी संपतो, कोणत्या खात्यावर वारसाचे नाव लावायचे राहिले आहे, हे सारे माझ्या डोक्यात आणि एका वहीत होते. त्या वहीतील खुणाही माझ्या मलाच कळणाऱ्या होत्या.

त्या दिवसांतच माझे एक जुने ग्राहक निवर्तले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकीजी, रोज माझ्या घरी दूरध्वनी करून एवढेच विचारत, “भाऊंना जरा विचारा ना, यांचे कागद कुठे आहेत?” मला बोलता येत नव्हते आणि घरात दुसऱ्या कोणाला काही ठाऊक नव्हते. पुढे सर्व रकमा मिळाल्या, एक पैसाही बुडाला नाही. परंतु दुःखाच्या पहिल्या महिन्यात त्या माउलीला जी घालमेल सोसावी लागली, ती माझ्या व्यवस्थेच्या अभावामुळे. आपण गावाला वारसनोंदीचे महत्त्व सांगतो आणि आपल्याच पेढीला वारस नाही, हे त्या खाटेवर प्रथम उमगले.

आधी ठरवा, आपण कोण?

भागीदाराच्या शोधाआधी स्वतःची ओळख निश्चित करावी. म्युच्युअल फंडाचा वितरक फंड कंपनीकडून कमिशन घेतो; नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार ग्राहकाकडून शुल्क घेतो. सल्लागारांसाठी सेबीचे नियम २०१३ साली आले. २०२० च्या दुरुस्तीनंतर वैयक्तिक सल्लागाराला वितरण करता येत नाही. संस्थेला दोन्ही करता येते. पण विभाग वेगळे हवेत आणि एका कुटुंबाला सल्ला किंवा वितरण यांपैकी एकच सेवा देता येते. सल्लागाराला ग्राहकाशी लेखी करार करावा लागतो, शुल्क रोखीने घेता येत नाही आणि नोंदी किमान ५ वर्षे जपाव्या लागतात. आमची पेढी वितरकाची आहे; म्हणून दारावर ‘सल्लागार’ हा शब्द नाही आणि आम्हाला कमिशन मिळते हे प्रत्येक ग्राहकाला पहिल्याच भेटीत सांगितले जाते.

हा विवेक आपल्याला नवा नसावा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर भारतीय कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत प्रेमचंद रायचंद हे आपल्याच समाजातील धुरंधर दलाल त्या तेजीचे नायक ठरले. दलाली, बँकेवरील वजन आणि स्वतःची गुंतवणूक हे सारे एकाच हातात होते. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, बॅक बे कंपनीचे समभाग मातीमोल झाले आणि हजारो कुटुंबे धुळीस मिळाली. प्रेमचंदजी पुन्हा उभे राहिले; आईच्या नावाचा राजाबाई टॉवर आजही त्यांच्या दातृत्वाची साक्ष देतो. पण ज्यांनी त्यांच्याकडे पाहून पैसे लावले, त्यांच्यापैकी सर्वांना उठता आले नाही. सल्ला आणि स्वार्थ यांच्यामध्ये भिंत हवी, ती याचसाठी.

एकट्याची पेढी

एकट्याच्या पेढीत निर्णय झटपट होतात, खर्च मर्यादित राहतो आणि ग्राहकाला नेहमी तोच चेहरा दिसतो. छोट्या गावात हे मोठे बळ आहे. परंतु दिवसाचे तास वाढत नाहीत. २०० कुटुंबे आहेत, प्रत्येकाशी वर्षातून दोन भेटी आहेत आणि भेट, तिची पूर्वतयारी व नंतरची कागदपत्रे यांना मिळून साडेतीन तास लागतात, असे धरा. वर्षाचे १,४०० तास झाले. २८० दिवस रोज सहा तास काम केले तरी एकूण १,६८० तास होतात. उरलेल्या रोजच्या एका तासात नवे ग्राहक, अभ्यास आणि कायदेशीर पूर्तता बसवायची. आजारपणाला त्यात जागाच नाही. सेबीनेही ही मर्यादा ओळखली आहे : ३०० ग्राहक किंवा वर्षाला ३ कोटी रुपये शुल्क, यांपैकी जे आधी होईल, त्यानंतर वैयक्तिक सल्लागाराला संस्थेचे रूप घ्यावे लागते.

त्यामुळे एकट्याने व्यवसाय करायचा असेल तर संख्येची सीमा स्वतःच आखावी. सर्व नोंदी दुसऱ्याला वाचता येतील अशा ठेवाव्यात. आपल्या अनुपस्थितीत काम पाहील अशा समव्यावसायिकाशी ग्राहकांच्या संमतीने लेखी व्यवस्था करावी.

भागीदारी : नाते आणि करार

१९८७ साली बाडमेर जिल्ह्यातून आलेले मोतीलाल ओसवाल आणि छत्तीसगडचे रामदेव अग्रवाल या दोन सनदी लेखापालांनी मुंबईत छोटी उपदलालीची पेढी काढली. ते भाऊ नव्हते, विद्यार्थी वसतिगृहातील स्नेही होते. अग्रवालांनी संशोधनात मन घातले, ओसवालांनी व्यवसायाचा विस्तार सांभाळला. २००७ मध्ये त्यांची कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. दोघांचे गुण परस्परपूरक असणे ही भागीदारीची पहिली कसोटी आहे. एकाच स्वभावाचे दोघे एकत्र आले तर एक काम दोनदा होते आणि दुसरे राहूनच जाते.

दुसरी कसोटी करारपत्राची. आपल्याकडे ‘घरातल्या घरात कागद कशाला?’ असे म्हणतात. पण १९३२ चा भागीदारी कायदा कागद नसेल तर स्वतःचा नियम लावतो : काम कमी-जास्त असले तरी नफा समान, आणि पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार पूर्णपणे जबाबदार. करारात वेगळे नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते; दोघांचीच पेढी असेल तर ती टिकूच शकत नाही. नोंदणी नसलेल्या पेढीला कराराच्या हक्कासाठी न्यायालयात दावा लावणे कठीण जाते. जबाबदारी मर्यादित ठेवायची असेल तर २००८ च्या कायद्यानुसार मर्यादित दायित्व भागीदारी हा मार्ग आहे. दरमहा उचल किती, ग्राहक कोणाचे, वेगळे होताना हिशेब कसा, पुढच्या पिढीला प्रवेश कोणत्या पात्रतेवर, हे गोडीगुलाबीच्या दिवसांतच लिहून ठेवावे.

माझी भागीदार माझी पुतणी आहे. करारपत्र वाचून ती म्हणाली, “काकाजी, घरी तुम्ही वडील, पण पेढीत माझी सही तुमच्या सहीइतकीच असावी.” क्षणभर मन दुखावले. मग लक्षात आले, जिची सही चालत नाही, ती माझ्यामागे काकीजींचे कागद कसे सोडवणार? तेच वाक्य आम्ही करारात घातले.

वाढ कशी करावी?

व्यापाऱ्याचे पैसे दरमहा येत नाहीत. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू होतो, तेव्हा भांडवल माल आणि उधारीत अडकलेले असते. त्या दिवसांत गुंतवणुकीची गळ घालू नये. हंगाम ओसरला की आढावा घ्यावा आणि दुकानाचे पैसे व घराचे पैसे आधी वेगळे करून द्यावेत. कोणी “खात्रीचे बारा टक्के द्या” म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणावे. बाजाराशी निगडित गुंतवणुकीत अशी खात्री देण्यास नियमांचीही मनाई आहे. नातेवाइकांनाही तेच नियम लावावेत. आणि एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी, विशेषतः लग्नाच्या पंगतीत, कधीही निघू नये. गावात नाव होण्यास वीस वर्षे लागतात. जायला एक पंगत पुरते.

बैठकीला पती-पत्नी दोघांना बोलवावे, हा आमचा आताचा नियम आहे. प्रत्येक कुटुंबाला एक पानाची यादी दिली जाते : काय आहे, कुठे आहे, वारस कोण, आणि आम्ही दोघेही नसलो तर कोणाला विचारायचे. त्या यादीची पहिली प्रत काकीजींना दिली. त्यांनी ती वाचली, घडी घालून कपाटात ठेवली आणि म्हणाल्या, “आता मला फोन करावा लागणार नाही.”