सिम्युलेटरमध्ये धूर होत नाही

दिवाळीच्या आकाशकंदिलात बॅटरीवरचे एलईडी लावले, की मालवणात वीज गेली तरी कंदील तेवत राहतो. पण बॅटरी थेट जोडून भागत नाही; करंट आवरावा लागतो.

पांढरा एलईडी साधारण 3.2 व्होल्ट घेतो. तीन एकामागे एक जोडले की 9.6. बॅटरी 12 ची, उरलेले 2.4 व्होल्ट 120 ओहमच्या रेझिस्टरवर सोडले की करंट 20 मिलिअँपिअर. पण तीच बॅटरी चार्जिंगला लावली की 14.4 व्होल्टपर्यंत जाते. मग उरतात 4.8, आणि करंट जवळपास दुप्पट!

उपाय दोन ट्रान्झिस्टरांचा. पहिल्यातून एलईडीचा करंट जातो, त्याच्या एमिटरखाली 33 ओहम. त्यावर सुमारे 0.65 व्होल्ट आले, की दुसरा जागा होतो आणि पहिल्याच्या बेसचा करंट स्वतःकडे ओढतो. म्हणून बॅटरी वरखाली झाली तरी करंट 20 च्या आसपासच राहतो. इथे बीसी 547 पुरतो. त्याची मर्यादा 100 मिलिअँपिअर आहे.

आता हे एलटीस्पाइसमध्ये मांडा. या सगळ्या प्रोग्रॅमांचा पूर्वज स्पाइस, 1973 साली बर्कली विद्यापीठात तयार झालेला. बॅटरी 11 पासून 14.4 पर्यंत फिरवा. करंटची रेघ जवळपास आडवी दिसेल.

मग मोह होतो, की मोठे, 350 मिलिअँपिअरचे एलईडी लावू. 33 ओहमच्या जागी 1.8 ओहम घाला. सिम्युलेटर बीसी 547 मधूनही तेवढा करंट निमूट दाखवेल. खरा ट्रान्झिस्टर मात्र जळेल. तिथे बीडी 139 हवा, मर्यादा दीड अँपिअर. आणि 14.4 व्होल्टला त्याच्यात जवळपास दीड वॉट उष्णता होते, म्हणजे हीटसिंकही हवाच. बंद कंदिलात तर नक्कीच.

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून न्यायशास्त्राच्या भाषेत सांगतो. सिम्युलेशन हे अनुमान. धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती पक्की असेल तरच अनुमान खरं ठरतं. इथली व्याप्ती म्हणजे ट्रान्झिस्टरचं मॉडेल, आणि त्या मॉडेलात जळणं लिहिलेलंच नसतं. ते लिहिलेलं असतं डेटाशीटमध्ये. म्हणून क्रम असा ठेवा: आधी डेटाशीट वाचून ट्रान्झिस्टर निवडा, मग सिम्युलेशन करा, आणि शेवटी ब्रेडबोर्डवर मल्टिमीटर लावून प्रत्यक्ष बघा.