100 गिगावॅटचं गणित

आज आपण एकाच आकड्याभोवती बोलणार आहोत: 100 गिगावॅट. देशाची अणुवीज क्षमता 2047 पर्यंत तिथवर न्यायची, असं 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालं. हे जमेल का? आधी साधा भागाकार करून पाहू.

तारापूरची पहिली दोन युनिटं 1969 साली सुरू झाली. तिथून 2025 पर्यंत, म्हणजे 56 वर्षांत, आपण पोचलो सुमारे 8,800 मेगावॅटवर. सरासरी वर्षाला जेमतेम 160 मेगावॅट. आता उरलेले 91,000 मेगावॅट 22 वर्षांत हवेत. म्हणजे 700 मेगावॅटच्या जवळपास सहा अणुभट्ट्या, आणि त्याही दर वर्षी!

मोठी उद्दिष्टं आपल्याला नवीन नाहीत. 2000 सालापर्यंत 10,000 मेगावॅट म्हटलं होतं, झाले 3,000 पेक्षाही कमी. 2020 पर्यंत 20,000 म्हटलं होतं, झाले 6,780.

मग अडतं कुठे? तंत्रज्ञानात म्हणावं, तर जड पाण्यावर चालणारी अणुभट्टी आपल्या अभियंत्यांनी 220 वरून 540 आणि पुढे 700 मेगावॅटपर्यंत नेली. युरेनियमची टंचाई खरी होती, पण 2008 च्या अणुकरारानंतर आयातीची वाट मोकळी झाली.

अडतं ते मुख्यतः वेळेपाशी. गुजरातेतल्या काक्रापारच्या तिसऱ्या युनिटचं पहिलं काँक्रीट 2010 मध्ये पडलं, व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली 2023 मध्ये. कोळशाच्या वीजकेंद्रात इंधनाचा खर्च वर्षानुवर्षं होत राहतो. अणुवीजकेंद्रात उलट: इंधन त्या मानाने स्वस्त, पण बहुतेक पैसा वीज मिळण्याआधीच ओतावा लागतो. घर बांधायला कर्ज काढलं, बांधकाम रखडलं आणि हप्ते मात्र सुरू झाले, तर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. इथेही तसंच. रखडलेल्या प्रत्येक वर्षाचं व्याज शेवटी विजेच्या दरात येतं.

परदेशी भट्टी आणली की काम लवकर होईल, असंही नाही. जैतापूरला फ्रान्सच्या 1,650 मेगावॅटच्या सहा भट्ट्या उभ्या करायचं ठरलं. त्याच जातीची भट्टी फ्रान्सने स्वतःच्या फ्लामानव्हिलला 2007 मध्ये बांधायला घेतली, ती ग्रिडला जोडली गेली 2024 च्या डिसेंबरात. इकडे राजापूर तालुक्यात जमिनी गेल्या, आंदोलनं झाली, 2011 मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एका माणसाचा जीव गेला. वेळेची किंमत फक्त व्याजात मोजता येत नाही, ती अशी.

याचा अर्थ अणुवीज नकोच, असा नाही. ती रात्रंदिवस मिळते, सूर्य मावळल्यावरही, आणि भट्टीतून कोळशासारखा धूर निघत नाही. मात्र यश घोषणेतल्या आकड्यावरून मोजू नये. त्यापेक्षा तीन प्रश्न विचारावेत. एकाच आराखड्याच्या भट्ट्या ओळीने बांधल्या जातायत का? 2017 मध्ये 700 मेगावॅटच्या दहा भट्ट्यांना एकत्र मंजुरी मिळाली, ती याच विचाराने. पहिल्या काँक्रीटपासून ग्रिडपर्यंतची वर्षं कमी होतायत का? आणि ज्यांच्या गावात भट्टी येणार, त्यांना अपघात झाला तर भरपाई कोण देणार हे आधी सांगितलंय का?

या तिन्हींची उत्तरं 'हो' यायला लागली, तर 100 गिगावॅट गाठायला थोडा उशीर झाला तरी बिघडणार नाही. ती आली नाहीत, तर 2047 मध्ये वहीत आणखी एक हुकलेलं उद्दिष्ट लिहावं लागेल.